मेहुण्याचे तारे आणि लिनवुडचे पाय

माझा मेहुणा रॉइस रोज सकाळी बायबल वाचतो, पण त्याआधी तारे वाचतो. आकाशातले नव्हेत. शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना एक वेबसाइट तारे वाटते. दोन तारे म्हणजे बरा, तीन म्हणजे चांगला, पाच म्हणजे देवानं सवडीनं घडवलेला. कुठल्या विद्यापीठानं किती ताऱ्यांची पोरं पटकावली यावरून पुढच्या मोसमात कोण कुणाला धूळ चारणार, हे रॉइस फेब्रुवारीतच सांगून मोकळा होतो. तो ट्रॅक्टर विकतो. फेब्रुवारीत ट्रॅक्टर कोणी घेत नाही.

मी काउंटीच्या कर कार्यालयात मूल्यमापक आहे. ही गोष्ट घडली तेव्हा सव्वीस वर्षं मी लोकांच्या घरांच्या किमती ठरवत होतो, त्याही बहुतेक गाडीतून न उतरता. रस्त्यावरून छप्पर बघायचं, अंगण बघायचं, कुत्रं किती मोठं आहे ते बघायचं आणि आकडा टाकायचा. त्यामुळे "तारे देणारी माणसं तज्ज्ञ असतात" असं रॉइस म्हणाला की मला हसू आवरत नाही. मीही तज्ज्ञच आहे.

त्या रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही आमच्या ओसरीत बसलो होतो. ग्लेंडानं, म्हणजे माझ्या बायकोनं, केळ्याचं पुडिंग केलं होतं.

"यंदा आपल्या कहाबा स्टेटकडे पाच तारेवाले दोन आणि चार तारेवाले अकरा," रॉइस म्हणाला. "यंदा कप आपला."

"मागच्या वर्षी नव्हते?"

"होते की."

"मग हरलो कसे?"

"कोचमुळे."

"आणि त्याच्या आदल्या वर्षी?"

"पंचांमुळे. हार्लनराव, तुम्हाला बॉलमधलं काही कळत नाही. तुम्ही घरं बघा घरं. तीही बाहेरून."

माझ्या कामाबद्दल मी बोललेलं चालतं, दुसऱ्यानं बोललेलं चालत नाही. मी पुडिंगचा चमचा खाली ठेवला. "रॉइस, आयुष्यात बॉलला हात न लावलेल्या पोराला मी तारा मिळवून दाखवतो. याच प्रुइट्स मिल गावातल्या पोराला."

"तारा मिळेलही. पुढे चमकायला नको? चमकला नाही तर तू जिंकलास."

"आणि चमकला तर तू. चार वर्षं दर शनिवारी विद्यापीठाच्या मैदानात दिसला, तर मी हरलो."

ही अट माझ्याच तोंडून गेली, हे इथेच नमूद करतो. हरणाऱ्यानं ईस्टरच्या दिवशी आमच्या हाडवैरी विद्यापीठाचा नारिंगी कोट घालून चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचं आणि मोठ्यानं "आमेन" म्हणायचं, असं ठरलं. आमच्या अलाबामात माणसं पक्ष बदलतात, पंथ बदलतात, प्रसंगी बायकाही बदलतात. रंग बदलत नाहीत.

"तुम्ही दोघं एकत्र बसलात की माझं पुडिंग नासतं," ग्लेंडा म्हणाली आणि भांडं आत घेऊन गेली.

आमची धाकटी मुलगी तेव्हा शाळेच्या बँडमध्ये बासरी वाजवायची आणि बँडच्या पालक मंडळाचा मी चिटणीस होतो. ऑगस्टच्या उन्हात सरावाला पाणी वाटणं आणि व्हिडिओ काढणं ही माझी कामं. पाणी मी चांगलं वाटतो. व्हिडिओचं म्हणाल तर माझ्या हाताला एक खोड आहे, माणसांची डोकी येत नाहीत. ग्लेंडाच्या आईच्या पंच्याहत्तरीच्या फोटोंत सतरा नातेवाईक आहेत आणि तोंड एकाचंही नाही. कपड्यांवरून ओळखावे लागतात.

लिनवुड पेटवे त्या बँडमध्ये ट्यूबा वाजवायचा. ट्यूबा म्हणजे ते अजस्र पितळी वाद्य, जे वाजवणाऱ्यानंच अंगाभोवती गुंडाळून घ्यावं लागतं. लिनवुडला ते बेताचंच वाटायचं. उंची साडेसहा फुटांना एक बोट कमी, वजन तीनशे दहा पौंड. असलं पोर आमच्याकडे पाळण्यातूनच फुटबॉलला नेतात. पण त्याच्या थोरल्या भावाचा गुडघा या खेळानं खाल्ला होता. तो अजूनही जिना उलटा उतरतो. तेव्हापासून त्यांच्या आईनं, मिस अर्नेस्टीननी, घरात बॉल येऊ दिला नव्हता. त्या नऊ नंबरची स्कूल बस चालवतात. लिनवुड त्यांच्यावर गेलेला नव्हता, अतिशय गरीब पोर. मोठ्या माणसानं काहीही म्हटलं की "यस सर" म्हणायचा. आमच्या भागात हे होकाराचं उत्तर नसतं, वळण असतं. "पाऊस पडतोय का रे?" असं विचारलं, तर "नो सर" म्हणण्याआधीसुद्धा आमची पोरं एकदा "यस सर" म्हणून घेतात.

त्याच आठवड्यात शेजारच्या मैदानावर फुटबॉलचा सराव चालू होता. त्यांचा एक दांडगा गडी बॉलमागे धावत सुटला तो थेट बँडच्या शेवटच्या रांगेत घुसला आणि लिनवुडवर आदळला. लिनवुड जागच्या जागी पावलं टाकत होता, तो टाकतच राहिला. गडी मात्र चार हात मागे उडाला आणि आकाशाकडे बघत पडला. मी हे सगळं टिपलं. बारा सेकंद, कंबरेखाली.

रात्री झोपेत नव्हे, चांगला दिवसाढवळ्या, कार्यालयात बसून मी त्या वेबसाइटचा 'खेळाडू सुचवा' हा अर्ज भरला. मी सरकारी माणूस आहे, खोटं लिहीत नाही. उंची खरी, वजन खरं. सामने किती चुकवले? एकही नाही. दुखापत? नाही. विशेष कौशल्य? चाळीस पौंडांचं ओझं घेऊन मागे न बघता सरळ रेषेत उलटं चालतो. जागा? मागची रांग, मधोमध. खाली बारा सेकंदांचे पाय जोडले. लिनवुडलाही विचारलं होतं. "तुझे पाय इंटरनेटवर टाकले तर चालतील का रे?" "यस सर." त्याच्या आईला मात्र विचारलं नाही. तिथे मी चुकलो, आणि ही चूक मी कुठल्याही पंचावर ढकलत नाही.

नवव्या दिवशी लिनवुडच्या नावापुढे दोन तारे झळकले. शेजारी शेरा होता: 'पाया भक्कम. तसूभर हटत नाही. ताल विलक्षण.' मी तो कागद छापून रॉइसच्या ट्रॅक्टरांच्या दुकानात नेला आणि त्याच्या टेबलावर काचेखाली सरकवला. आयुष्यातला तो एक उत्तम दिवस होता. तो तिथेच संपायला हवा होता.

पण दोन तारे बघून एका लहानशा कॉलेजच्या कोचनं लिनवुडला फोन केला. "बाळा, आमच्याकडे येणार ना?" "यस सर." कोचनं ती बातमी जगाला सांगितली. कॉलेजनं मागणी घातली म्हणून वेबसाइटनं तिसरा तारा दिला. तीन तारे झाले म्हणून चार विद्यापीठांचे फोन आले. "आमच्याकडेच ना रे?" "यस सर." ऑक्टोबर उजाडेपर्यंत लिनवुडनं अकरा विद्यापीठांना शब्द दिलेला होता, आणि यात त्याचा स्वतःचा एकही शब्द नव्हता.

आता यातून सुटायला एक सरळ वाट होती. शाळेच्या कोचनं म्हणायचं होतं, की हा पोरगा खेळतच नाही. पण कोच मंक्रीफच्या अठरा वर्षांच्या कारकिर्दीत त्याच्याकडे एकही तारा उगवला नव्हता. आता मोठमोठ्या विद्यापीठांची माणसं त्याच्या खोलीत बसून त्याला 'सर' म्हणत होती.

"हा पोरगा एकाही सामन्याच्या व्हिडिओत कसा नाही?" त्यांनी विचारलं.

"राखून ठेवलाय," मंक्रीफ म्हणाला.

हे फार मोठं डोकं होतं. आलेल्या माणसांनी एकमेकांकडे अर्थपूर्ण बघितलं. मंक्रीफनं लिनवुडला चौऱ्याहत्तर नंबरचा शर्ट दिला, बाकावर बसवलं आणि खांद्याला ताण नको म्हणून ट्यूबा उचलायची बंदी केली. वर ट्यूबा स्वतःच्या ताब्यातल्या सामानाच्या खोलीत ठेवून कुलूप घातलं.

गाव तर नुसतं पेटलं होतं. आमचे शेजारी मिस्टर युबँक्स, निवृत्त पोस्टमास्तर, माझ्या कुंपणाशी येऊन मला रोज सल्ला द्यायचे. "रोज बारा अंडी. पांढरी नको, तपकिरी." मी म्हणायचो, तो माझा मुलगा नाही. "म्हणूनच सांगतोय. स्वतःच्या मुलाला कोणी बारा अंडी देईल का?" बाजारात लोक मला बघून टाळ्या वाजवायचे, कारण पोरगा मी शोधला अशी बोलवा होती. रॉइस तर मिठीच मारायचा. पैजेत आता त्याची बाजू वर होती. पोरगा चमकणार, असं अकरा विद्यापीठं म्हणत होती.

मला, खरं सांगतो, थोडं बरंही वाटत होतं.

मग एके दिवशी दुपारी आमच्या कार्यालयासमोर पिवळी बस उभी राहिली. मिस अर्नेस्टीन उतरल्या, यंत्रातून चिठ्ठी काढली आणि बाकावर बसल्या. त्रेचाळीस नंबर. तेव्हा एकोणचाळीसवाल्याचं काम चालू होतं. मी आतून हात केला, की या, सरळ या. त्यांनी मान हलवली. नंबर लागेपर्यंत त्या पर्स मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत बसल्या. सव्वीस वर्षांत चार नंबर मला इतके लांब कधी वाटले नव्हते.

"मिस्टर हार्लन," त्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, "ते पाय माझ्या पोराचे आहेत. बघताक्षणी ओळखले मी."

"हो. म्हणजे त्याचं असं झालं, मिस अर्नेस्टीन..."

"माझ्या घराची किंमत तुम्ही रस्त्यावरून ठरवलीत. मी काही बोलले नाही. आता पोराची पण रस्त्यावरूनच ठरवलीत?"

मागच्या खुर्चीतले माझे साहेब फाइलमध्ये डोकं घालून बसले.

"कहाबा स्टेटचा बँड यंदा दोन ट्यूबा घेणार आहे," त्या म्हणाल्या. "दोनच. त्यांची चार वर्षांची फी माफ. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी परीक्षा आहे. माझं पोर सहा वर्षं त्यासाठी फुंकतंय. आज महिना झाला, वाद्य त्याच्या हातात नाही. घरी बागेच्या नळीवर फुंकून ओठ शाबूत ठेवतंय. आणि तुमच्या मंक्रीफला तो काय म्हणतो? यस सर! एका पोराचा गुडघा मी दिलाय, मिस्टर हार्लन. दुसरा देणार नाही. ते तारे चढवलेत तसे उतरवा."

"उतरवतो," मी म्हणालो. पैज, नारिंगी कोट, रॉइस, सगळं त्या क्षणी डोक्यातून गेलं. एका गरीब पोराची परीक्षा माझ्या शहाणपणापायी बुडणार होती. मला स्वतःची लाज वाटली.

तारा चढवायला नऊ दिवस आणि एक अर्ज लागतो. उतरवायचा अर्जच नाही. वेबसाइटच्या माणसाला मी तीनदा फोन केला.

"साहेब, तो पोरगा खेळत नाही. ट्यूबा वाजवतो."

"अकरा विद्यापीठांनी मागणी घातलीय. ती काय वेडी आहेत?"

मग मी एका विद्यापीठाच्या कार्यालयात फोन केला.

"तीन तारे आहेत त्याला," तिथला म्हणाला. "तारे देणारे काय वेडे आहेत?"

परत वेबसाइट. "बरं, खेळाडूच्या शाळेच्या कोचचं पत्र आणा." मंक्रीफ पत्र देईना. "मग दुसऱ्या कुणी तज्ज्ञानं त्याला खेळताना प्रत्यक्ष बघून अहवाल द्यायला हवा." पण तो खेळतच नाही! "मग अहवाल येईपर्यंत तारे आहेत तसेच राहतील." मला माझीच आठवण झाली. घरपट्टी चुकली म्हणून येणाऱ्या लोकांना मी सव्वीस वर्षं अगदी याच आवाजात उत्तरं देत होतो. आवाज चांगला होता, तक्रारीला जागा नव्हती.

अशात कहाबा स्टेटचंच बोलावणं आलं. विद्यापीठ बघायला या, कोच स्ट्रिकलंड स्वतः भेटतील. तारीख, जानेवारीचा शेवटचा शनिवार. वेळ, अकरा. बँडची परीक्षा त्याच आवारात, साडेअकराला.

"हे बरं झालं," ग्लेंडा म्हणाली. ती फार बोलत नाही. "तिथं जातोच आहे तर ट्यूबा घेऊन जा. अकराला कोचसमोर धाव म्हणतील, दोन पावलांत सगळं उघडं पडेल. साडेअकराला परीक्षा देईल."

पण रॉइसला नियम तोंडपाठ होते. भेटीला आलेल्या पोराला पळवून, उड्या मारून बघायची कोचला सक्त मनाई असते. जेवू घालायचं, शर्ट घालून फोटो काढायचे, बस्स. म्हणजे जगात सगळे त्या पोरावर भाळलेले, आणि तो खेळतो का हे बघायची कुणालाच परवानगी नाही.

ट्यूबा कुलपातून काढायचं काम माझं. पालक मंडळाच्या चिटणिसाला एकाच कारणासाठी वाद्य बाहेर नेता येतं, दुरुस्तीसाठी. आणि माझा नियम सांगितलाच, मी खोटा अर्ज भरत नाही. म्हणून मी मंक्रीफसमोरच खोलीत गेलो, ट्यूबाच्या एका झडपेवरची टोपी फिरवून सैल केली, 'टोपी सैल' असं तीन प्रतींत लिहिलं, सही घेतली आणि ट्यूबा गाडीत टाकल्यावर टोपी परत घट्ट केली. माझ्या अंतःकरणात त्या दिवशी जे समाधान होतं ते पेन्शनच्या दिवशीही नसेल.

गाडी रॉइसची. मागे ताडपत्रीखाली ट्यूबा, पुढे मिस अर्नेस्टीन धरून आम्ही चौघं, त्यातला एक लिनवुड. मी दरवाज्याच्या हँडलवर बसून ऐंशी मैल गेलो. रॉइस वाटभर उकडलेल्या शेंगा खात लिनवुडला समजावत होता.

"बाळा, कहाबा स्टेटचा शर्ट! मी असतो ना तुझ्या जागी, पायीच गेलो असतो."

"यस सर."

"तुम्ही जाच," मिस अर्नेस्टीन खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "गुडघे तुमचे न्या."

कोच स्ट्रिकलंडची खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि एक अख्खी भिंत काचेची. रॉइस आत गेल्या गेल्या रडायलाच लागला. कोचनं लिनवुडला लाल शर्ट चढवला, बाजूला उभं करून फोटो काढला आणि त्याच्या पायांकडे बराच वेळ बघितलं. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी घसा खाकरला. "कोच, मला एक कबुली द्यायचीय. हा मुलगा फुटबॉल खेळत नाही. कधीच खेळला नाही. तो अर्ज मी भरला होता."

"विनम्र माणसांनी वेढलेला मुलगा आहे," कोच म्हणाले. "मला आवडलं."

"तो ट्यूबा वाजवतो, कोच."

"फुप्फुसं! म्हटलं, दम इतका कसा?"

"तुम्ही त्याचा दम बघितलेला नाही!"

"बघायला लागत नाही. तीस वर्षं आहे मी या धंद्यात."

माझी सव्वीस झाली होती. मी मिस अर्नेस्टीनकडे बघितलं. त्या लिनवुडकडे बघत होत्या, आणि त्यांच्या हातातल्या पर्सचा बंद त्यांनी पिळून दोरी केली होती. त्या चिडल्या असत्या तर एका वाक्यात त्यांनी ती खोली रिकामी केली असती. पण त्या थांबल्या होत्या. हे वाक्य त्यांना त्याच्या तोंडून हवं होतं.

अकरा वीस. कोच उठले, लिनवुडच्या खांद्यावर हात टाकायला गेले, तो उंच पडला म्हणून पाठीवर ठेवला. "चला, खाली बरगड्या भाजून तयार आहेत. जेवताना सही करून टाकू. काय बाळा?"

लिनवुडनं भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मग आईकडे बघितलं. त्याचे ओठ दोनदा हलले.

"नो सर," तो म्हणाला.

आवाज इतका बारीक होता, की कोच म्हणाले, "काय?"

"नो सर. थँक यू, सर. मला ट्यूबा वाजवायचाय. साडेअकराला. तुमची फार मेहेरबानी, सर, पण नो सर."

अठरा वर्षांत पोरानं पहिल्यांदा 'नो सर' म्हटलं आणि ते राज्यातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला. मिस अर्नेस्टीननी डोळे मिटले. रॉइस, ज्याची आतापर्यंत भक्तीनं वाचा गेली होती, त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढून लिनवुडच्या हातावर ठेवली. "ताडपत्रीची गाठ उजवीकडून ओढ," तो म्हणाला. मी मेहुण्याला तेवीस वर्षं ओळखतो. त्या दिवशी पहिल्यांदा तो मला आवडला.

लिनवुड गेला. आम्ही सगळे काचेशी आलो. खाली तो गाडीपाशी पोचला, ट्यूबा खांद्यावर घेतला, आणि संगीत विभागाच्या दिशेनं पळत सुटला. तीनशे दहा पौंडांचा लाल शर्ट, डोक्यावर पितळेचा कर्णा, हिरवळीवरून सरळ रेषेत. वाटेत विद्यार्थ्यांचा एक घोळका आला, त्याला वळसा. एक सायकल आली, तिला बगल. पायऱ्या आल्या, तीन तीन करून. कर्णा जरासुद्धा डुगडुगला नाही.

कोच स्ट्रिकलंड काचेला नाक लावून बघत होते. त्यांनी पळायला सांगितलं नव्हतं, त्यामुळे नियम मोडला नव्हता. मनगटावरच्या घड्याळावर मात्र त्यांचा डोळा होता.

"अरे देवा," ते पुटपुटले. "पाय बघा त्याचे."

संध्याकाळी वेबसाइटवर लिनवुडला चौथा तारा लागला.

परीक्षेला तो एक मिनिट आधी पोचला. बँडच्या प्राध्यापकबाईंना तारे वगैरे काही ठाऊक नव्हतं. त्यांनी पडदा लावून सगळ्यांना वाजवायला लावलं, कारण कोण वाजवतंय हे दिसलं तर निवड चुकते असं त्यांचं मत. ही पद्धत मी खिशातल्या कागदावर टिपून घेतली. लिनवुडची निवड झाली.

या गोष्टीला चार वर्षं होतील. चौथा तारा अजून तसाच आहे. तो उतरवायला अहवाल लागतो. त्या यादीत लिनवुडच्या नावापुढे 'कहाबा स्टेट' असं लिहिलंय आणि त्यात खोटं काही नाही.

दरम्यान मी हिशेबाला बसलो. कहाबा स्टेटच्या त्या वर्षीच्या सगळ्या पोरांची वही केली. पाच तारेवाले दोन, त्यातला एक गाजला, दुसरा महिन्याभरात दुसऱ्या राज्यात निघून गेला. चार तारेवाले बारा, त्यातले सात चार वर्षं टिकले. तीन तारेवाले बारा, त्यातले टिकले तीन. म्हणजे रॉइसचं खरं होतं. जास्त तारे, जास्त यश. आणि माझंही खरं होतं, कारण त्या तिघांतल्या एकासारखा खेळाडू उरलेल्या सगळ्यांत झाला नाही, आणि तो कोण निघेल हे कुणाच्या बापाला सांगता आलं नसतं. आमच्या कार्यालयाचंही हेच आहे. सगळ्या काउंटीची बेरीज दर वर्षी बरोबर येते. एकेक घर धरलं तर चूक.

"त्या सातांत लिनवुड धरलायस का?" रॉइसनं विचारलं.

"नाही धरला तर अकरात सहा."

"धरायचा. 'चार वर्षं दर शनिवारी मैदानात.' अट कुणाच्या तोंडची?"

मी म्हटलं, निवाडा मिस अर्नेस्टीनकडे सोपवू. आम्ही बसच्या दारात उभे राहून त्यांना पैज सांगितली. चार वर्षांनी पहिल्यांदा. त्यांनी इंजिन बंद केलं.

"तुम्ही दोघं दर शनिवारी स्टेडियमला असता," त्या म्हणाल्या. "मध्यंतरात कसं वाजवतं माझं पोर?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मध्यंतरात आम्ही शेंगा आणायला जातो. रांग मोठी असते. चार वर्षं, एकूण एक सामना, आम्ही शेंगांच्या रांगेत होतो.

"कोट मिस्टर हार्लनना," त्या म्हणाल्या आणि बस सुरू केली.

परवा मोसमातला शेवटचा सामना झाला. मध्यंतराची शिट्टी झाली. सगळी गॅलरी शेंगांकडे चालली आणि मी आणि रॉइस जागेवर बसून राहिलो. बँड मैदानात आला. शेवटच्या रांगेत मधोमध लिनवुड होता. तो वाजवायला लागला तेव्हा आवाज कानांनी आधी ऐकू आलाच नाही, बसायच्या पत्र्यातून वर छातीत आला. ऐंशी हजार माणसं खात-पीत होती आणि त्यांच्या खालची जमीन हा पोरगा धरून होता. मला हुंदका आला. रॉइसला आधीच आला होता.

मी फोन काढून सगळं टिपलं आणि तिथूनच मिस अर्नेस्टीनना पाठवलं. त्या दिवशी त्यांची बस कुठल्याशा स्पर्धेची मुलं घेऊन लांब गेली होती. चार वर्षांत त्यांचा हा एकच सामना चुकला, आणि तो नेमका शेवटचा. पाठवल्यावर मी व्हिडिओ बघितला. तीनशे माणसांचा बँड, अडीच मिनिटं, सगळे कंबरेखाली. सहाशे पाय. ना तोंडं, ना ट्यूबा. नारिंगी कोटापेक्षा मला याची जास्त लाज वाटली, आणि माफी मागायला मी फोन लावणार तोच त्यांचा निरोप आला.

'दिसला,' त्यांनी लिहिलं होतं. 'मागून पहिली रांग, डावीकडून नववा. बारीक झालंय पोर.'